लिंपलेल्या दारांची नोंद

हरकरे साहेब गेल्यावर आठव्या दिवशी नगर परिषदेच्या सभागृहात त्यांची शोकसभा झाली. हार घातलेला फोटो जुन्या ओळखपत्रावरून मोठा केलेला होता. त्यामुळे साहेबांच्या खांद्यावर कार्यालयाच्या गोल शिक्क्याचा अर्धा भाग तसाच उमटला होता. पाच जण बोलले. एकाने त्यांना आकड्यांचा जादूगार म्हटलं, दुसऱ्याने संख्याशास्त्राचे भीष्माचार्य. तिसऱ्याने सांगितलं की त्यांनी सुमारे पस्तीस वर्षं सेवा केली. माझं लक्ष आपोआप फोटोकडे गेलं. ‘सुमारे’ हा शब्द ऐकला की साहेब चष्मा काढून समोरच्याकडे असे बघत, की समोरचा आपलं वाक्य परत घ्यायचा. नाल्याकाठच्या घरांच्या ओळीबद्दल मात्र पाचांपैकी एकही जण बोलला नाही. सभा चहा-बिस्किटांनी संपली.

म्हणून हे लिहितो आहे. गावाचं नाव लिहीत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आहे, पुसदच्या बाजूचं, एवढं पुरे.

दिगंबर हरकरे नगर परिषदेत आकडेवारीचं काम बघायचे. कागदावर पदाचं नाव लांबलचक होतं, पण गावात सगळे त्यांना मोजणीवाले साहेब म्हणत. त्यामुळे शेताच्या धुऱ्याची भांडणं घेऊनही लोक त्यांच्याकडे यायचे, आणि ते प्रत्येकाला न कंटाळता भूमी अभिलेखचा रस्ता सांगायचे. मी नगर परिषदेच्या शाळेत मास्तर. शिकवणं सोडून इतर सगळी कामं शिक्षकाला येतात अशी शासनाची समजूत असल्यामुळे मी आजवर माणसं, गुरं, झाडं आणि संडास, चारही मोजले आहेत. त्यातली बरीचशी मोजणी हरकरे साहेबांच्या हाताखाली.

बुटका, काटक माणूस. कापडी पिशवीत तीन पेन्सिली, एक रबर आणि डबा. पहिल्या दोन फेऱ्या पेन्सिलीने आणि तिसरी फेरी झाल्यावर पेन, हा नियम. दोन फेऱ्यांत माणूस तुमच्यासाठी तयार राहतो, तिसऱ्या फेरीला जसा आहे तसा सापडतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा चार मास्तरांना प्रभाग सातमध्ये एका दारासमोर उभं केलं.

“कुटुंबं किती इथं?”

“एक,” आम्ही म्हणालो. दार एक होतं, नावाची पाटीही एक.

“वर पाहा.”

कौलांवर तीन ठिकाणी काळं धरलं होतं.

“तीन चुली. म्हणजे तीन कुटुंबं. भाऊ भाऊ वेगळे झाले, पण म्हाताऱ्याले सांगितलं नाही. विचारलं तर एकच सांगतील.”

पुढे घराघरात गॅस आला, तेव्हा साहेब शेगड्या मोजू लागले. शब्द मात्र चूल हाच ठेवला. दाराशी चपला किती, दांडीवर कपडे कुणाच्या मापाचे, मोरीतल्या पेल्यात दात घासायचे ब्रश किती, हे सगळं ते बोलता बोलता टिपून घेत. आम्ही फॉर्म भरून नेला की पहिला प्रश्न ठरलेला असे. “मास्तर, हे विचारलं का पाह्यलं?” विचारलं म्हटलं की फॉर्म परत. “मानूस अर्ज केल्यासारखा बोलते. घर तसं बोलत नाही.”

प्रभाग सात त्यांचा लाडका होता. पुढे आमची गल्ली, पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत नोकरी करणाऱ्यांची. साहेबही तिथलेच. तिच्यामागे मोहल्ला, मग बौद्धवाडा, मग आदिलाबादकडून आलेल्या तेलुगू गवंड्यांची खोपटी, आणि शेवटी नाल्याकाठी बंजारा कुटुंबांची एक ओळ. कधीकाळी जिनिंगच्या कामाला तांड्यावरून आलेली ही माणसं तिथेच राहिली होती. एका टोकाकडून दुसरीकडे चालत जायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण तेवढ्यात शिव्यांची भाषा चारदा बदलते. साहेबांनी या प्रभागाचा नकाशा हाताने काढला होता आणि प्रत्येक बोलीला वेगळी रंगीत पेन्सिल वापरली होती. सरमिसळ झालेल्या घरांवर ते दोन रंगांच्या रेघा ओढत. “हे काम मजेचं आहे,” असं म्हणताना मी त्यांना फक्त या नकाशाच्या बाबतीतच ऐकलं.

मोहल्ल्यात जुबेदाबी नावाची म्हातारी होती. तिच्या दारी एकदा आम्ही उभे होतो.

“खाला, घरात मानसं किती?”

“बैठे तो बारा, साहेब. सोये तो नऊ.”

“म्हणजे?”

“अरे, जगा कुठे हाये? तीन पोट्टे मशिदीच्या ओट्यावर सोतात. तुमी अपनी मर्जीने लिवा.”

साहेबांनी बारा लिहिलं. मग शेरा रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, ‘निजण्यास जागा नऊ जणांना.’ तसं काही लिहायला फॉर्म सांगत नव्हता. पण त्यांचे शेरे नेहमी असेच असायचे, आणि माझ्या मते खरा प्रभाग त्या रकान्यातच राहत होता.

आपल्या गल्लीलाही ते सूट देत नसत, असं मी तेव्हा समजत होतो. निवृत्त मुख्याध्यापक गंधे सर त्यांचे शेजारी. सरांचा थोरला मुलगा परदेशात. त्याचं नाव घरच्या माणसांत घालावं म्हणून सर हटून बसले होते.

“हरकरे, रेशन कार्डात नाव आहे त्याचं!”

“इथं जेवतो काय?”

“जेवतो ना. दिवाळीत येतो तेव्हा.”

“मग दिवाळीत मोजू.”

गंधे सर पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. साहेबांनी ते पंधरा दिवसही नीट मोजले असणार.

साहेबांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू असताना नवे मुख्याधिकारी आले. तरुण, उत्साही. कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांनी गुळगुळीत कागदावरचे अहवाल पाहिले होते. त्यांना वाटलं, आपल्याही गावाचं असं एक असावं. ‘प्रभाग सात : एक सांख्यिकी दर्शन’ हे नावही त्यांनीच ठेवलं. डिसेंबरात आम्ही पुन्हा घरोघर फिरलो. नाल्याकाठची ओळ साहेबांनी स्वतःकडे घेतली होती. जानेवारीत छपाईच्या वेळी शेरा रकाना काढून टाकण्यात आला, कारण तो तक्त्यात बसत नव्हता. त्या जागी रंगीत गोल आकृत्या आल्या. मुखपृष्ठावर नाल्यावरून उगवणारा सूर्य होता. आमच्याकडे त्या बाजूला सूर्य मावळतो.

प्रजासत्ताक दिनी पुस्तिकेचं प्रकाशन झालं. साहेब तिसऱ्या रांगेत बसले होते. शाल घ्यायला वर बोलावलं तेव्हा गेले, घेतली, खाली आले आणि पुस्तिका उघडून बेरजा तपासत बसले. बेरजा बरोबर होत्या.

एका पानावर ‘रिक्त बांधकामे’ असा तक्ता होता, आणि त्यात ती नाल्याकाठची ओळ होती. रिकामी जागा म्हटल्यावर मुख्याधिकाऱ्यांना तिथे वाचन उद्यान दिसू लागलं. बाकं, दिवे, पुस्तकांचं शिल्प. गावात आधीपासून एक वाचनालय आहे आणि ते बहुतेक बंदच असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. नोटिसा रीतसर दारांवर चिकटवल्या गेल्या. ज्यांनी त्या वाचायच्या ती माणसं पश्चिमेकडे उसाच्या फडात होती. मुदत संपली आणि फेब्रुवारीत जेसीबी आला. पहिल्या दिवशी ओळीच्या टोकाची तीन घरं पाडून झाली. मग मशीन बिघडलं, म्हणून बाकीची वाचली.

होळीच्या आधी ट्रक आले आणि माणसं उतरली.

त्या दिवशी मी शाळेचा काही कागद द्यायला कार्यालयात गेलो होतो. नाल्याकाठच्या ओळीतली सोनाबाई राठोड दारात उभी होती. साहेबांपेक्षा वयाने थोडी मोठी असेल. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे.

“मोजनारा साहेब कोन हाये?”

“मी. बसा बाई.”

“बसाले नाई आली मी. बसाचं घर पाडलं तुमी.”

साहेब उभे राहिले. “पाडलं मी नाही बाई. पण यादी माझी आहे. तीनदा आलतो मी. तिन्ही वेळा दार लिंपलेलं, उंबऱ्यावर बाभळीच्या काट्या. घरात कोणी नव्हतं.”

“नव्हतोच ना! फडात होतो. फटी लिंपल्या का आत उंदीर जात नाई, काट्या ठेवल्या का बकरी शिरत नाई. वापस याचं हाये म्हून लिंपतो आमी. सोडून जानारं मानूस कायले लिंपीन, साहेब?”

कार्यालयात सगळ्यांनी आपापल्या कागदांत माना घातल्या. साहेबांनी चष्मा काढला, पण या वेळी समोरच्याकडे बघण्यासाठी नाही.

“बाजूले इचारलं काय तुमी? जुबेदाबीले? तिले माईत हाये ना, दर साली जातो आमी.”

“नाही विचारलं,” साहेब म्हणाले. “पाह्यलं.”

“आत माह्या सुनेची पेटी होती. लगनातली. माती कुठं नेऊन फेकली, तेवढं सांगा. मी हुडकतो.”

माती गावाबाहेरच्या खदानीत टाकली होती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी रजा टाकली आणि ते सोनाबाईबरोबर तिकडे गेले. मला हे माती वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरने सांगितलं. दिवसभर दोघं काठीने माती उकरत होते. पेटीचं झाकण सापडलं. पेटी सापडली नाही. संध्याकाळी बाईने झाकण डोक्यावर घेतलं, आणि साहेब तिच्या मागे वीस पावलं अंतर ठेवून चालत गावात आले.

त्यानंतर चार दिवसांनी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. बगलेत मूळ फॉर्मांचा गठ्ठा होता. त्यातले दोन काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

“वाचा.”

पहिला गंधे सरांच्या घराचा. सर आणि बाई तेव्हा पुण्याला धाकट्या मुलाकडे होते. शेऱ्यात साहेबांचं बारीक अक्षर : ‘कुलूप. मालक पुण्यास मुलाकडे. वास्तव्य येथेच.’ दुसरा सोनाबाईच्या घराचा : ‘दार लिंपलेले, उंबऱ्यावर काटे. वास्तव्य नाही.’

“एकाच दिवशी लिहिलं, मास्तर. सकाळी ते, दुपारी हे. गंधे सर अजून आले नाहीत. अंगणात कमरेएवढं गवत आहे त्यांच्या. हे लोक चार महिन्यांत वापस आले.”

मी त्यांची समजूत घालायला म्हणालो, “तुम्हाला गंधे सर माहीत होते ना.”

“तेच म्हणून राह्यलो मी.”

घंटा झाली. पोरं वर्गात आली तरी ते तसेच बसून होते. मग गठ्ठ्याला दोरी बांधली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना पत्र दिलं : नोंद चुकीची आहे, गंधे सरांच्या घराच्या नोंदीशी ताडून पाहावी, चूक माझी आहे, तक्ता रद्द करावा, उरलेली घरं पाडू नयेत. मुख्याधिकाऱ्यांनी ते वाचून परत केलं.

“हरकरे, दोन महिने राहिले तुमचे. कशाला अंगावर घेताय? पुस्तिका वरपर्यंत गेली आहे. फार तर शुद्धिपत्राचं एक पान जोडू.”

“ते छापणाऱ्याच्या चुकीसाठी असतं साहेब. ही माझी आहे.”

आवक विभागाने पत्र नोंदवून घ्यायला नकार दिला. तेव्हा साहेब रस्ता ओलांडून समोरच्या पोस्टात गेले आणि तेच पत्र आपल्याच कार्यालयाला रजिस्टर करून आले. पोस्टमनने ते तासाभरात आणून दिलं. ज्या टेबलाने नाकारलं होतं, त्याच टेबलाला सही करून घ्यावं लागलं. एवढ्या सगळ्या काळात आम्ही हसलो ते तेव्हाच. साहेब हसले नाहीत. वरून त्यांच्याकडेच खुलासा मागवला गेला, आणि त्यांचा निरोप समारंभ पुढे ढकलण्यात आला. तो अजून झालेला नाही.

गल्लीत लोक बोलू लागले. आयुष्यभर नाव कमावलं आणि जाता जाता घालवलं. कोणी म्हणे, बायांनी मोर्चा आणायची धमकी दिली असेल. कोणी म्हणे, म्हातारपणी डोक्यावर परिणाम होतो. गंधे सर पुण्याहून फोनवर म्हणाले, “अरे, माझ्या घराचं उदाहरण कशाला दिलंस लेखी? आमचं घर आणि ते, काही तुलना आहे का?”

“नाही सर,” साहेब म्हणाले. “ते येतात.”

निवृत्तीनंतर पावसाळ्यात, ओळीतल्या लोकांच्या अर्जावर, उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली. ओळीतली सगळी माणसं बाहेर व्हरांड्यात चिखलाच्या पायांनी उभी. परिषदेचे वकील साहेबांना मोठ्या आदराने म्हणाले, “इतक्या वर्षांत आपला आकडा कधी चुकला नाही असं सगळं गाव सांगतं. मग हीच नोंद तेवढी चुकली, असं कसं मानायचं?”

“आधीही चुकल्या असतील,” साहेब म्हणाले. “पण सांगायला कोणी वापस आलं नव्हतं.”

अधिकाऱ्यांनी मान वर करून पाहिलं. आदेश असा झाला की उरलेली घरं तूर्त पाडू नयेत, आणि येत्या डिसेंबरात, म्हणजे मूळ पाहणीच्याच काळात, फेरपाहणी करून वास्तव्य ठरवावं.

बाहेर आल्यावर साहेबांनी तो आदेश सोनाबाईला समजावून सांगितला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

“डिसंबरात? तवा तं आमी फडात राहू. मंग उसाले जाचंच नाई काय? खाचं काय?”

“जा तुम्ही. मी पाहतो.”

“तुमी पाहू नोका साहेब!” ती एकदम म्हणाली. “तुमी पाह्यलं म्हून तं झालं हे सारं.”

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. साहेबांनी मान हलवली.

“बरं. पाहत नाही. बसतो तिथं.”

दिवाळीपर्यंतचे ते महिने साहेब रोज संध्याकाळी ओळीत जात. काय करत, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. एकदा जुबेदाबी मला म्हणाली, “तुमचा साहेब आता चपला नाई मोजत, बातां ऐकत बसते. चाय पिते, अन्‌ घडी घडी इचारते, हे कोन, ते कोनाचं.”

ती ओळ आज उभी आहे. उद्यानाची फाइलही तशीच उभी आहे. एका बैठकीत बसते, दुसऱ्या बैठकीत पुन्हा उठते. साहेब वैशाखात गेले, झोपेत. त्याआधी डिसेंबरात मी त्यांच्याबरोबर शेवटची मोजणी केली.

फेरपाहणीची ड्यूटी माझ्याकडे आली होती. आता कागद नव्हता, मोबाइलवर तीन पर्याय होते : वास्तव्य आहे, बंद, रिक्त. सकाळी नऊच्या सुमाराला मी नाल्याकाठी पोचलो. ओळीत चिटपाखरू नव्हतं. फटी मातीने लिंपलेल्या, उंबऱ्यांवर बाभळीच्या काट्या. जिथे तीन घरं पडली होती तिथे पत्र्याची तीन खोपटी उभी होती आणि त्यांचीही दारं तशीच लिंपलेली. पहिल्या खोपटासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून, डोक्याला मफलर गुंडाळून हरकरे साहेब बसले होते. चार दिवसांपासून ते असे येऊन बसत होते, कारण पाहणीवाला नेमका कधी येईल ते कार्यालय सांगत नव्हतं. रस्त्याने जाणारा एक जण ओरडला, “काय साहेब, चौकीदारीची नोकरी लागली काय?” साहेबांनी त्याला हात केला.

मला पाहून ते उठले नाहीत. “या मास्तर. लिहा.”

त्यांच्या हातात वही नव्हती. तोंडपाठ सांगत होते. सोनाबाई, तिचा मुलगा, सून. सासू-सुनेचं पटत नाही, म्हणून सून वेगळी शिजवते, पण सासूला वाढल्याशिवाय जेवत नाही. म्हणजे चुली दोन, ताटं एकत्र. म्हातारीचा उजवा कान गेलेला. मुलगा ट्रॅक्टर चालवतो, पण नावावर लायसन नाही. होळीला अमुक दिवशी येणार. मोबाइलमध्ये यातल्या कशालाही जागा नव्हती, तरी मी ऐकत राहिलो.

“आणि नात, लक्ष्मी. चौथीत. तुमच्याच वर्गात.”

“हो,” मी म्हणालो.

“हजेरीत काय मांडता तिचं?”

ऑक्टोबरनंतर तिच्या नावापुढे मी गैरहजेरीच लावत आलो होतो. नोव्हेंबरच्या शेवटी, नियमाप्रमाणे, नाव पटावरून कमी केलं होतं. ती कुठे गेली हे मी कुणालाही विचारलं नव्हतं.

साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. नाल्याकडून गार वारा येत होता. त्यांनी मफलर कानांवर ओढून घेतला आणि माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत राहिले. ‘वास्तव्य आहे’ वर मी बोट ठेवलं.

“झालं?”

“झालं.”

ते गुडघ्यावर हात टेकून उठले, खुर्ची उचलली, पुढच्या लिंपलेल्या दारासमोर नेऊन ठेवली, काट्या बाजूला न करता तिच्यावर बसले आणि माझी वाट बघू लागले.